रिंगणानंतरचे खेळ : आजीकडून नातीकडे



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे. तीत मालकांच्या घराण्याची हकिकत येईल, विणेकऱ्यांची नामावळ येईल, मुक्कामाच्या गावोगावच्या अन्नदात्यांचे ऋण मानले जाईल. ते सगळं यायलाच हवं. संपादक मंडळींनी मला ‘महिलांचा सहभाग’ हा विषय दिला होता. मी लिहायला बसले आणि दर खेपेला मन रिंगणाच्या माळावर जाऊन उभं राहिलं. म्हणून विषय थोडा वळवून घेतला आहे. राग नसावा.

लिहिण्याआधी दिंडीच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या मागून घेतल्या. ज्वारी, तूरडाळ, गूळ, रॉकेल, तंबूची सुतळी, टाळांच्या दोऱ्या, बैलांची पेंड, पखवाजाला लावायची कणीकसुद्धा आण्यापैशासकट लिहिलेली. कोणत्या मुक्कामी किती पानं उठली तेही आहे. खेळाबद्दल मात्र एक अक्षर नाही. पहिल्यांदा वाईट वाटलं, मग हसू आलं. फुगडीला काय खर्च येतो? हुतुतूला काय विकत आणावं लागतं? खर्च नाही त्याची नोंद नाही. आपल्या दिंडीतली एक आख्खी विद्या शंभर वर्षं वहीच्या बाहेर राहून चालत आली, ती अशी.

ज्यांनी वारी पाहिली नाही अशा नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. जुन्यांनी पुढं सरकावं. माऊलींचा सोहळा लोणंद सोडून तरडगावाकडं निघाला की चांदोबाच्या लिंबाशी पहिलं उभं रिंगण होतं. पुढं नातेपुत्याहून माळशिरसच्या वाटेवर पुरंदवडे, मग खुडूस फाटा, ठाकूरबुवांची समाधी, बाजीरावाची विहीर आणि शेवटी वाखरी. गोल रिंगणात आधी पताकावाले धावतात, मग डोईवर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी, आणि मग स्वाराचा आणि माऊलींचा असे दोन अश्व. अश्वाच्या टापेखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. वर्तमानपत्रात फोटो येतो तो इथपर्यंतचा.

खरी गंमत त्याच्यानंतर सुरू होते. चोपदार सगळ्यांना सावरायच्या आत जिथं जागा मिळेल तिथं बायांच्या फुगड्या लागतात. बाप्यांचा हुतुतू, हमामा, पावल्या, एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे. पालखीभोवती टाळ-मृदंगाचा उडीचा खेळ होतो. अर्धापाऊण तासात हे सगळं आटोपतं, आणि मंडळी अंगावरची माती झटकून चालायला लागतात. या अर्ध्यापाऊण तासात सत्तर वर्षांची बाई सात वर्षांच्या पोरीचा हात धरून गरगर फिरते, आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. गावात तसं कोणी केलं तर लोक दारं उघडून बघतील.

हे खेळ वारीत कधीपासून आहेत? नारायणमहाराजांनी 1685 साली देहूहून पालखी काढली आणि हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माऊलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली, हे आपण दर वर्षी ऐकतो. खेळ त्याहून जुने आहेत. नाथमहाराजांच्या भारुडांत फुगडी आहे, हुतुतू आहे, हमामा आहे, पिंगा आहे, एडका आहे. तुकोबारायांच्या गाथेत तर खेळांचे अभंग वेगळे काढून दाखवता येतात. विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी, सुतुतू, मृदंगपाट्या, हमामा, फुगडी अशी ती नावं आहेत. गाथा उघडून एकदा सगळी एका बैठकीत वाचून पाहावीत. सतराव्या शतकातल्या गावच्या पोरांचं मैदान डोळ्यापुढं उभं राहतं.

या अभंगांची रीत एकच आहे. खेळाचे नियम जसेच्या तसे घ्यायचे आणि त्यातून परमार्थ दाखवायचा. हुतुतूत दम धरून समोरच्या गटात शिरायचं असतं. दम तुटला की गडी मेला. आपला कोणी जिंकला की मेलेला गडी परत उठतो. मरणं आणि परत येणं, हे मोठमोठ्या पोथ्यांत सांगायला अध्याय लागतात. हुतुतू खेळलेल्या पोराला ते अंगानं ठाऊक असतं, फक्त तुला जे ठाऊक आहे तेच हे, असं कोणीतरी सांगावं लागतं. फुगडीत दोघींनी आपलं वजन एकमेकींवर सोडायचं असतं. एकीनं जरी स्वतःला राखून ठेवलं तरी फुगडी लागत नाही, नुसतं ओढणं होतं. आता यावर मी आणखी निरूपण करायची गरज आहे का?

म्हणजे संतांनी हे अभंग लिहिले ते खेळ येणाऱ्या माणसांसाठी. आधी खेळ, मग अभंग. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण पुढं मला सांगायचं आहे ते या क्रमावरच आहे.

घरातही असंच एक साधन होतं, मोक्षपटाचं. कापडावर किंवा कागदावर घरं आखलेली, घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं, शिडीनं चढायचं, सापानं उतरायचं, वरती वैकुंठ. खेळायला कवड्या. माऊलींनी तो रचला अशी परंपरा आपल्याकडं सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडात जाऊन सापशिडी झाला आणि पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडं परत आला. परत येताना घरांवरची नावं गळाली, नुसते आकडे राहिले. आता नातवंड सापाच्या तोंडी पडलं तर आजोबा एवढंच म्हणू शकतात, “गेलास खाली.” का गेला, हे पटावर लिहिलेलंच नाही.

आता माझ्या आजीकडं येते.

आजी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. पदरात माझे वडील, वर्षाचे. त्या काळच्या रीतीनं हातात बांगडी नाही, कपाळाला कुंकू नाही. श्रावणातल्या मंगळागौरीचे खेळ नव्या लग्न झालेल्या सुवासिनींचे. तिथं तिला जागा नव्हती. नागपंचमीला गावातल्या पोरीबाळी झाडाखाली फुगड्या घालायच्या, तेव्हा ती ओसरीच्या आत असायची. माहेरी असताना ती फुगडीत कोणाला हार जात नव्हती, हे मला तिच्या भावजयीनं सांगितलं. म्हणजे जे अंगात होतं ते एकोणिसाव्या वर्षी मिटवून ठेवलं.

ते उघडलं वारीत. वारीत कपाळाला बुक्का लागतो. सुवासिनीला तोच, विधवेला तोच, बाप्यालाही तोच. रिंगण झालं की फुगडीला हात पुढं येतो, आणि त्या हातात बांगडी आहे की नाही हे बघायला कोणाला सवड नसते. आजी हसून म्हणायची, “बांगड्या न्हाईत ते बरंच हाय की. मनगट घट्ट धरता येतं.” लहानपणी मी या बोलण्याला हसायचे. ते हसण्यासारखं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी सात वर्षांची असताना तिनं मला पहिल्यांदा वारीला नेलं. 1960 नंतरची दोन-तीन वर्षं असतील. मला नेण्याचं कारण भक्ती नव्हतं. घरी मला सांभाळायला कोणी नव्हतं. आषाढी येते ती पेरणीच्या दिवसांत. पाऊस वेळेवर आला असेल तर पाभर रानात गेलेली असते, आला नसेल तर डोळे आभाळाकडं. दोन्ही प्रकारांत आई-वडिलांना घर सुटत नाही. “पेरणी उरकून येतो” म्हणणाऱ्यातले निम्मे वाखरीला येऊन गाठायचे, निम्मे यायचेच नाहीत. मग दिंडीत चालायचं कोण? ज्यांच्या हातून औत सुटलं ते म्हातारे, आणि ज्यांच्या हाती अजून आलं नाही ती पोरं.

माझ्या मते आपल्या खेळांच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि ती कुठं लिहिलेली मला सापडली नाही. मधली पिढी रानात असल्यामुळं वारीतली विद्या एक पायरी गाळून खाली उतरली. माझ्या आईला फुगडी बेतासबात यायची. वडिलांना पावली येत नव्हती. मला आजीची फुगडी आली. दिंडीतल्या जुन्या घरांत चौकशी करा, असंच ऐकायला मिळेल. अमक्याची पावली कुणासारखी? आज्यासारखी. बापासारखी म्हणणारा क्वचित.

आणि शिकवणं कसं, तेही लिहून ठेवते. शिकवते असं आजी कधी म्हणाली नाही. तिला जोडीदारीण पाहिजे होती, एवढंच. पुरंदवड्याच्या माळावर तिनं माझे दोन्ही हात तिढा घालून धरले, आणि म्हणाली, “पाय जवळ घे. चवडं माझ्या चवड्याला लाव. आता अंग मागं टाक.” मी टाकलं नाही. पडेन असं वाटत होतं. “टाक म्हंते ना. मी धरलंय.” मी निम्मं टाकलं. दोघी एकदा फिरलो आणि मी आपटले. ती रागावली नाही, उचलायलाही आली नाही. हात पुढं करून उभी राहिली. तिसऱ्या खेपेला मी अंग सगळं मागं सोडलं, आणि मग माळ, पताका, आभाळ सगळं एकात एक झालं, आणि मधोमध फक्त आजीचं तोंड स्थिर. तोंडानं फू फू चाललेलं. ती माझ्यापेक्षा आधी दमली. थांबल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाली, “इठ्ठला, पोरीनं हरवलं.”

म्हातारं माणूस पोराशी खेळतं तेव्हा हरायला तयार असतं. आई-बापाला एवढी सवड नसते, मास्तराला ते परवडत नाही. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, अनुभवानं सांगते.

बाप्यांच्या बाजूला असंच होतं, फक्त तिथं बोलणं आणखी कमी. नातवाला टाळकऱ्यांच्या ओळीत दोन म्हाताऱ्यांच्या मधे उभं करायचं. टाळ जड, मनगट दुखतं, म्हणून पहिल्या वर्षी हातात चिपळ्या. पावली मोजून कोणी सांगत नाही. दोन्ही बाजूंची माणसं एकदम डावीकडं गेली की मधल्याला जावंच लागतं, नाहीतर तुडवला जातो. चार मुक्कामांत पोराचे पाय आपोआप पडायला लागतात. मग एक दिवस आजोबा त्याला ओळीच्या टोकाला उभं करतात, जिथं ढकलायला एकाच बाजूनं माणूस असतं. ती त्याची परीक्षा. विसाव्याला एकीबेकी. म्हातारा चिंचोके मुठीत धरतो, पोरानं एकी की बेकी सांगायचं, चुकला की आपल्यातले द्यायचे. दुपारभर चालायचं. मला वाटतं आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांचा सम-विषम आकड्यांचा धडा फलटणच्या पुढं बरडच्या झाडांखाली झाला.

सगळं गोड होतं असं मात्र लिहिणार नाही. इरावतीबाई कर्वे वारीला चालल्या होत्या. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी दिंड्या जातवार वेगळ्या चालतात, जेवणं वेगळी होतात, याचं दुःख सांगितलं आहे. ते खरं होतं, आणि आपली दिंडीही त्याला अपवाद नव्हती. पंढरीच्या मंदिराचं दार सगळ्यांना उघडायला साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं, हे आपल्या डोळ्यांसमोर असावं. शताब्दीच्या आनंदात हे विसरलं तर तो इतिहास नव्हे.

पण पंगत मांडता येते, फुगडी मांडता येत नाही. रिंगणाच्या माळावर हजारो माणसांच्या गर्दीत हात पुढं येतो तो कुणाचा, हे विचारेपर्यंत फेरा लागलेला असतो. एका वर्षी आजीनं पलीकडच्या दिंडीतल्या एका म्हातारीबरोबर फुगडी घातली. दोघींनी पदर खोचले, आणि अशा फिरल्या की पोरं गोल करून टाळ्या पिटत उभी राहिली. संध्याकाळी आपल्या दिंडीतल्या एका कर्त्या गृहस्थांनी आजीला बोलावून विचारलं, “ती कोन हुती ठावं हाय का?” आजी म्हणाली, “फुगडी चांगली घालती.” एवढंच. तिला पुढं दोन दिवस पंगतीत शेवटी बसवलं. तिसऱ्या दिवशी विसरले. पुढच्या वर्षी पुरंदवड्याला ती म्हातारी आजीला हुडकत आली, तिच्याबरोबर तिची नात होती. त्या नातीबरोबर मी खेळले. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनं माझं विचारलं नाही. दोघीही एकमेकींना माऊली म्हणालो. आजीनं मला त्यावर काही उपदेश केला नाही. तिला उपदेश करता येत नव्हता. तिनं मला फक्त त्या पोरीसमोर उभं केलं.

आता हे ओसरत कसं गेलं ते सांगते.

एकीकडं खेळांना मोठेपणा आला. पुण्यात डेक्कन जिमखान्यानं 1914 च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. हुतुतूच्याही स्पर्धा होऊ लागल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. पुढं हुतुतूचा कबड्डी झाला आणि 1990 साली आशियाई स्पर्धांत गेला. हे सगळं अभिमानाचंच आहे. पण मैदान आखलं की वयाचे गट पडतात. चौदाच्या आतले वेगळे, अठराच्या आतले वेगळे. आजोबा कोणत्याच गटात बसत नाहीत. ते कडेला खुर्चीवर. आताच्या पोरांना टीव्हीवरची तीस सेकंदांची चढाई पाठ आहे. माझ्या नातवानं मला विचारलं, “आजी, वारीत टाइम कोण लावतं?” मी म्हटलं, “ज्याचा त्याचा दम.” त्याला ते फारसं पटलं नाही.

दुसरीकडं शाळा. इथं मला माझाच कबुलीजबाब द्यायचा आहे. जून महिन्याच्या मध्यावर शाळा सुरू होतात आणि त्याच सुमारास पालख्या निघतात. माझ्या वर्गातली दोन-तीन पोरं दर वर्षी आजीआजोबांबरोबर वारीला जायची, अठरा-वीस दिवस शाळेत नसायची. मी हजेरीपटावर त्यांच्यापुढं गैरहजर लिहीत गेले. नियमच तो होता. पण मी नियमावर थांबले नाही. परत आल्यावर त्यांना वर्गासमोर उभं करून विचारायची, “काय, झाली का पंढरी? आता बुडालेला अभ्यास विठोबा भरून देणार का?” वर्ग हसायचा. ज्या बाईला आजीनं सातव्या वर्षी शाळा बुडवून वारीला नेलं होतं, तीच हे विचारत होती. चार-पाच वर्षांत माझ्या वर्गातून वारीला जाणं बंद झालं. तेव्हा मी ते माझं यश समजले होते.

मग एका वर्षी विटीदांडूच्या रूपकाचा अभंग शिकवायला घेतला. वर्गात चाळीस मुलं. दांडू म्हणजे काय इथपासून सुरुवात. विटी, गल्ली, कोलणं, झेल, सगळं फळ्यावर चित्र काढून सांगितलं. शेवटी “समजा क्रिकेटसारखं” असं म्हणून सुटका करून घेतली. अभंग तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत आला, आणि तोवर त्यात काही उरलं नव्हतं. खेळाचा अर्थ अभंगातून लावायची वेळ आली, म्हणजे गंगा उलटी वाहू लागली. त्या संध्याकाळी मला हजेरीपट आठवला.

तिसरा घाव सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा. 2020 आणि 2021 साली महामारीमुळं पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरपुराला गेल्या. रिंगण नाही, फुगडी नाही. 2022 ला परत चाललो तेव्हा मोजलं, आपल्या दिंडीतली कितीतरी म्हातारी माणसं कमी झाली होती, आणि जी होती त्यांच्या गुडघ्यांनी दोन वर्षांत रजा घेतली होती. दोन वर्षं म्हणजे काहीच नाही असं तरण्या माणसाला वाटतं. पण सत्तरीचा आजा आणि सहा वर्षांचा नातू यांच्यामधे खेळायला मिळणारी वर्षंच मुळात पाच-सहा. त्यातली दोन गेली.

आता पुरंदवड्याला रिंगण संपलं की मोबाइल वर होतात. कॅमेरा आला की फुगडी लागते, कॅमेरा गेला की सुटते. मी कुरकुर करते असं कोणी म्हणेल, म्हणू दे. पण उलट बाजूही सांगते. शहरातून एक-दोन दिवसांसाठी येणाऱ्या पोरी हौसेनं हात पुढं करतात, “आजी, शिकवा ना” म्हणतात. त्यांचे पाय लांब पडतात, अंग मागं टाकायला भितात. तरी हात पुढं करतात. मी धरते. माझा डावा गुडघा वर्षापूर्वी बदलला, डॉक्टरांनी फुगडीचं नावही काढू नका म्हणून सांगितलंय. बसफुगडी तर सुटलीच. उभी, एका हाताची, चार फेरे, एवढं चालतं. त्यांना कोणी विचारलं नाही तर आपण सांगायचं कशाला.

आपण पौर्णिमेला गोपाळपुरी काला करून परत फिरतो. काल्याच्या कीर्तनात महाराज कृष्णाचे खेळ वर्णितात, लाह्या-दही हातात पडतं, पोरं खिदळतात. दोन वर्षांपूर्वी कीर्तनकारांनी चेंडूफळीचं वर्णन केलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या, आपल्या दिंडीतल्या सगळ्यात वयस्कर बुवांना मी हळूच विचारलं, “आबा, हे खेळलाय का तुम्ही?” ते म्हणाले, “मी न्हाई. माझा आजा खेळायचा. मी बगितलंय.” कशी खेळायचे ते विचारलं, तर त्यांनी लाह्यांची मूठ पुढ्यात ठेवून, बोटानं मातीत रेघ ओढून सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात जयघोष झाला आणि सगळे उठले. पुढच्या वारीला विचारू म्हणून मीही उठले. पुढच्या वारीला आबा नव्हते.

म्हणून या लेखाच्या निमित्तानं दिंडीकडं एक मागणी करते. मालकांची परवानगी घेतली आहे. एक कोरी वही आणली आहे, दोनशे पानी. तिच्यात जमाखर्च लिहायचा नाही. पहिल्या सात पानांवर मला येणाऱ्या फुगडीचे प्रकार मी लिहिले आहेत. साधी, एका हाताची, दंडफुगडी, चौघींची, बसफुगडी, जाते आणि कोंबडा. पाय कुठं, हात कसा, तोल कुणावर, पडलं तर कसं पडायचं, सगळं. पावलीचं पान कोरं आहे, कारण ते लिहिणारे पखवाजाच्या बाजूचे, त्यांनी लिहावं. हमाम्याचं, हुंबरीचं, चेंडूफळीचं पान कोरं आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, मी किंवा माझी नात लिहून घेऊ. नुसतं सांगून जमत नसेल तर करून दाखवावं. नातीनं तेवढ्यासाठी मोबाइल वापरायला मी हरकत घेणार नाही.

आणि शाळेत असणारी आपल्या दिंडीतली शिक्षक मंडळी, तुम्हाला वेगळं सांगते. हजेरीपटाचा नियम तुम्ही बदलू शकणार नाही, मीही बदलला नाही. पोर परत आल्यावर त्याला वर्गापुढं उभं करायचंच असेल, तर करा. फक्त काय शिकून आलास ते विचारा, आणि बाकं बाजूला सरकवून जागा करून द्या.

वही कार्तिकीपर्यंत पंढरपुरातल्या आपल्या मठात, विण्याच्या खालच्या फळीवर ठेवलेली असेल. पेन दोरीनं बांधून ठेवलं आहे.